मापात माया

शिवरे गावात हायवेच्या कडेला आमचं घर आहे आणि पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. सव्वीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. माझ्या हातचा ब्लाउज परत येत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. खरं म्हणजे पाच आले होते. पण त्यांतल्या तीन बायका मधल्या काळात अंगानं भरल्या होत्या, म्हणून माझ्या चुका मी दोनच धरते.

तिसरी चूक ब्लाउजात झाली नाही. नातीच्या दंडात झाली.

मुलगी पानशेतकडच्या एका गावात दिली आहे. दिवाळीनंतर ती चौदा महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी आली, ती एसटीतून उतरतानाच म्हणाली, "आई, ही लई हलकी लागती गं." तिच्या सासूबाईंचं म्हणणं, पोर बारीक हाडाचं आहे. असल्या बोलण्यावर माझा भरवसा नाही. बारीक म्हणजे किती? अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून मुलाचं पोषण बघतात, हे मला ठाऊक होतं. आणि दंडाचा घेर तर मी आठवड्याला वीस-पंचवीस बायकांचा घेते.

टेप गळ्यातच होती. माप घेतलं. पाच इंच. टेपच्या दुसऱ्या बाजूला बारा पूर्णांक सात सेंटीमीटर. साडेबाराच्या वर हिरवं, म्हणजे पोर बरं, असं अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात वाचलेलं होतं. "ठीक आहे पोर," मी सांगितलं आणि मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं. पुन्हा पाच.

मुलगी निर्धास्त झाली. रविवारी जावई न्यायला येणार, असं ठरलं.

शुक्रवारी अंगणवाडीच्या सेविकाताईंचा मोबाईलवर निरोप आला : उद्या दहा वाजता सर्व बालकांचे दंड घेतले जातील. आमच्या यांनी तो दोनदा वाचला.

"कसला दंड? पोरांनी काय केलं?"

"अहो, हाताचा दंड."

"मग तसं लिव्हावं की. निम्मं गाव पावती मागंल."

नात इथल्या यादीत नव्हती, पण मुलगी म्हणाली, जाऊन येऊ. मी गेले ते माझं माप बरोबर आहे हे ऐकायला, हे कबूल करते.

ताईंनी खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पेनानं ठिपका दिला. डावा हात सैल सोडला. ठिपक्यावरून तीन रंगांची पट्टी गुंडाळली. पट्टीच्या खिडकीत लाल दिसलं. अकरा पूर्णांक चार. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे पोर फार खंगलेलं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमची पट्टी चुकती," मी म्हणाले.

"काकू, सकाळपासून ह्याच पट्टीनं मोजतीय. बाकी सगळी हिरवी आली."

"मग ती बी चुकली असतील."

"बरं. टेप हाय न्हवं गळ्यात? मोजा तुमी."

मी मोजलं. "पाच इंच. बघा."

ताई वाकल्या आणि हसायलाच लागल्या. "अवो काकू, बोट काढा की!"

माझी तर्जनी टेपच्या आत होती. सव्वीस वर्षं असते. हात वर केला तर बाही ताणू नये म्हणून दंडाचं माप एक बोट सैल घ्यायचं, हे मला शिकवलेलं पहिलं काम. आता ते बोट मला दिसतही नाही. बारा इंचांच्या दंडाला त्यानं फारसा फरक पडत नाही. या काडीएवढ्या दंडाला पडला. बोट काढलं, टेप सरकली आणि साडेचारच्या जरा अलीकडे थांबली.

"ब्लाउजात माया सोडता तशी पोरीच्या मापात सोडली व्हय?" ताई म्हणाल्या. शिवणीत आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो.

वाईट वाटलं. पण वाईट वाटून सेंटीमीटर वाढत नाही. पुढं काय करायचं, ते विचारलं. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायांवर सूज आहे का, ताप आहे का, पोर खातं का, सगळं पाहिलं. दुसरा आजार नव्हता. अंगणवाडीत जादा आहार, घरी थोडं थोडं पण वरचेवर, आणि दर आठवड्याला माप, असं ठरलं.

जावयांना फोन मी केला. "चूक माझी आहे. मी पाच सांगितलं, ते साडेचार बी न्हाई. पोर हितंच राहील."

"मामी, अर्ध्या इंचाचं काय एवढं?"

"तुमच्या कॉलरला अर्धा इंच कमी करते, मग श्वास घेऊन दाखवा."

रविवारी ते आले, ते अंडी घेऊन, आणि एकटेच परत गेले.

नातीला तोवर वरणाचं पाणीच मिळत होतं. आता घट्ट वरण, वर तेल, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचं कूट. दर शनिवारी ताईंच्या पट्टीनं माप. दुसऱ्या शनिवारी एक रेघ वाढली, तिसऱ्याला काहीच नाही, कारण सर्दी झाली होती. वहीत तेही लिहिलं. नवव्या शनिवारी बारा पूर्णांक सहा. हिरवं. आधीचे दोन्ही पाचचे आकडे मी खोडले नाहीत. त्यांच्यापुढे "बोटासह" असं लिहिलं.

जाताना नातीला फ्रॉक शिवला. त्यात मात्र बोट सैल ठेवलं आणि आत दुहेरी माया सोडली.

परवा मुलीचा फोन आला. "आई, फ्रॉक उसवून दे. बाही दंडात रुतती. बोट सुदिक जात न्हाई."

"किती भरला दंड?"

"तेरा पूर्णांक चार."

"बोट?"

"भाईरच हाय गं बाई!"

मी म्हटलं, पाठव फ्रॉक.