छातीचे फोटो

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण आठवणी निघाल्या की एक साधी चोरीच आधी डोळ्यांसमोर येते.

ऐंशीच्या दशकात मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. विक्रोळीकडच्या एका ओतकाम कारखान्याच्या व्यवस्थापकाने फिर्याद दिली की, कंपनीच्या दवाखान्यातून कामगारांचे छातीचे एक्स-रे चोरीला गेले. संशय एका कामगारावर होता. ओतलेल्या लोखंडावर वाळूचा मारा करून ते साफ करायचं, हे त्याचं काम. तो स्वतःचा एक्स-रे सारखा मागत होता, एवढाच पुरावा.

एक्स-रेच्या फिल्ममधून चांदी काढतात, म्हणून आधी भंगारवाल्यांमागे खबरी लावला. तो म्हणाला, "साब, माल बाजारात आलाच नाय." म्हणजे चोराला चांदी नको होती, चित्रं हवी होती.

त्या कामगाराला चौकशीला आणलं. मालवणकडचा, ऐन पस्तिशीतला. ठाण्याच्या पायऱ्या चढून आला आणि किती तरी वेळ त्याला बोलताच येईना. मी पाणी दिलं. श्वास सावरल्यावर म्हणाला, मीच नेले. इतक्या सहज मिळालेल्या कबुलीवर मी कधीच विश्वास ठेवत नसे. सुटताना गेटवर प्रत्येकाची झडती होते, मग एवढ्या मोठ्या फिल्म बाहेर नेल्या कशा, असं विचारल्यावर गडी पुन्हा एवढंच म्हणाला, मीच नेले. तो कुणाला तरी पाठीशी घालत होता.

मी गेटवर जाऊन उभा राहिलो. झडती न देता आत-बाहेर करणारी एकच व्यक्ती दिसली, कंपनीच्या डॉक्टरांना डबा पोचवणारी खानावळवाली बाई. गावाहून एकटे आलेले कामगार तिच्याकडेच जेवत, तिला काकी म्हणत. पहारेकरीही तिच्याच पंगतीतला, तो तिची टोपली काय तपासणार!

खानावळीत गेलो. तिने आढेवेढे घेतले नाहीत. तांदळाच्या पिंपामागून फिल्मचा गठ्ठा काढून समोर ठेवला.

"धूळ खावन माणसां खोकतत. डॉक्टर म्हणता टीबी, गावाक जावा, हवा बदला. गेलेलो एकव परत येवक नाय. आता तुमी धरलास, त्याकाव धाडतले. मोठ्या डॉक्टराक दाखवूक व्हये म्हणान आणलंय."

मी म्हटलं, बाई, तो माल कंपनीचा आहे.

"छाती आमच्या माणसांची, मगे फोटो कंपनीचे कशे?"

मी पंचनामा केला, फिल्म मुद्देमाल म्हणून जप्त केल्या आणि कोणती कुणाची ही ओळख पटवण्याचं निमित्त करून कोर्टाच्या परवानगीने सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे पाठवल्या. व्यवस्थापक धावत आला. फिर्याद मागे घेतो, फिल्म द्या, म्हणाला. तो माल आता कोर्टाचा, असं त्याला सांगताना मला मनापासून आनंद झाला.

तज्ज्ञाने सगळे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. अहवाल स्पष्ट होता: क्षय नव्हे, वाळूच्या धुळीने फुप्फुसं निकामी होत आहेत. त्या कामगाराचं गावी जाणं टळलं, त्याला धुळीतून हलवलं. गेलेला श्वास काही परत येत नाही, पण उपचार आणि भरपाईचा दावा तरी सुरू झाला.

बाईने कोर्टात गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसण्याची शिक्षा झाली. फिल्मवरचा हक्क कंपनीने एव्हाना सोडला होता, म्हणून ज्याची फिल्म त्याला देण्याचा आदेश निघाला. कामगार एकेक करून पुढे आले. मग गावी जाऊन वारलेल्यांची नावं पुकारली गेली. कोणी उठेना. तेव्हा ती बाकावरून उठली आणि म्हणाली, त्यांच्या घरी मी पोचवीन.

फिर्यादी कोण, आरोपी कोण, हे आम्ही कागदावर सगळ्यात आधी लिहितो. त्या दिवशी आरोपीच्या बाकावर बसलेली बाईच खरी फिर्यादी होती.