सहा पॉइंट तीन

"बघा रे, ह्या बाईंनी नवं फिजिक्स काढलंय."

सरांनी माझी उत्तरपत्रिका दोन बोटांनी कोपऱ्याला धरून वर्गाला दाखवली. पोतेरं धरावं तशी. बारावी सायन्स, बारामती. नव्वदचं दशक अर्धं सरलेलं. वर्ग हसला. मी उभी.

"अँगल कुठंय? चार ओळींत उत्तर? कुठून उतरवलंस?"

"मीच काढलंय सर."

"राखीव जागेतून आत येता येतं. मार्क राखीव नसतात. बस खाली."

शून्य दिलं होतं.

गणित असं. ठोकळा पाच मीटर उंचीवरून उतारानं घसरत खाली येतो. उताराची लांबी तेरा मीटर, आडवं अंतर बारा. घर्षणांक पाव. तळाशी वेग किती?

माझा बाप गावी, बावड्यात, दुसऱ्याच्या बैलगाडीवर ऊस वाहायचा. कालव्याच्या पुलावरनं भरली गाडी उतरवताना मागं साखळीनं बाभळीचा ओंडका बांधायचा, फरफटत यायला. नाहीतर गाडी बैलांच्या अंगावर जायची. खाली आल्यावर मी ओंडक्याला हात लावून बघायची. चांगला तापलेला असायचा. गाडीचा जोर तिथं जाऊन मुरायचा. पुस्तकात एनर्जीचा धडा आला तेव्हा मला त्यात नवं काहीच वाटलं नाही.

म्हणून मी अँगल काढलाच नाही. उंचीमुळं मिळालेली एनर्जी धरली, घर्षणानं खाल्लेली वजा केली. उतारावर ठोकळा सगळ्या वजनानं खाली दाबत नाही, तेरातल्या बारा भागांनीच दाबतो. बाराचा पाव तीन, म्हणजे घर्षण पाच मीटरमधले तीन खातं. दोन उरतात. त्या दोनांचा वेग सेकंदाला सहा पॉइंट तीन मीटर.

मधल्या सुट्टीत मी बाकीच्यांचे पेपर बघितले. पुढच्या तिन्ही बाकांवर एकच उत्तर, पाच पॉइंट नऊ. ओळ न् ओळ तीच. ही सगळी सरांच्या घरी ट्यूशनला जाणारी. मीही विचारलं होतं. "बॅच भरली," म्हणाले होते. पुढच्या आठवड्यात दोघी नव्यानं गेल्या, त्यांना जागा निघाली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ट्यूशनच्या एका मुलीकडनं झेरॉक्स नोट्स मागून घेतल्या. सरांनी उतारावरच्या ठोकळ्याला सपाट जमिनीचं घर्षण लावलं होतं. सगळं वजन धरलं होतं. चूक सरांची होती, आणि अख्ख्या बॅचनं ती पाठ केली होती. शून्य मात्र मला.

मी नोट्स तपासल्याचं सरांच्या कानावर गेलं असावं. आठ दिवसांनी शिपाई आला. "सरांनी लॅबमधी बोलावलंय. एकटीलाच."

लॅबमधल्या माणसाला सरांनी चहाला पाठवलं होतं. दार पुढं लोटलेलं.

"बस ना बेटा."

दोन वर्षांत ह्या माणसानं मला नावानं हाक मारली नव्हती. मी बसले नाही.

"तुझी पद्धतही बरोबर आहे तशी. पेपर दे, मार्क वाढवून देतो. वर्गात मात्र हा विषय काढू नकोस. मुलांचा गोंधळ होतो."

पेपर एकदा हातातून गेला की परत येणार नाही, हे मला लख्ख दिसलं. तो पेपर सोडला तर माझ्याकडं दुसरा पुरावा नव्हता.

"सोमवारी देते," म्हटलं आणि बाहेर पडले.

रविवारी बावड्याला गेले. बापाला सगळं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "दिऊन टाक. प्रॅक्टिकलचं मार्क त्येंच्याच हातात हायती न्हवं? तुला इंजिनेर व्हायाचंय. आपुन कशाला वाकड्यात शिरायचं?"

त्या वेळी मला सरांपेक्षा बापाचा जास्त राग आला. मग वाटलं, हे बोलायला त्याला किती वर्षं शिकवलंय ह्या लोकांनी.

सोमवारी पहिल्या तासाआधी मी फळ्याजवळ गेले. अख्खं गणित लिहिलं. डावीकडं पाच पॉइंट नऊ, चूक कुठं आहे तिथं गोल. उजवीकडं सहा पॉइंट तीन. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

सर आले. बघितलं. डस्टर घेतलं आणि पुसलं.

मी बाकावरनं उठले, परत लिहिलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरचा एकजण हळूच वहीत उतरवून घेत होता.

"प्रॅक्टिकल माझ्याकडं आहे, विसरू नकोस."

"ठाऊक आहे सर. त्या दिवशी तुम्ही मला ह्याच वर्गात चोर ठरवलंत. चूक झाली म्हणून हितंच सांगा. मग पेपर देते."

त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. मी पेपर दिला नाही.

प्रॅक्टिकलला त्यांनी मला जेमतेम पास केलं. इंजिनिअरिंगची सीट गेली. बाप महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. मी बीएस्सी केलं, नोकरीला लागले. त्याचं वाईट वाटतं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण त्या दिवसापासून एक पक्कं ठरवलंय. मोठ्या खुर्चीवरचा कुणी केबिनमध्ये एकटीला बोलावून गोड बोलायला लागला, की मी आधी उठून दार सताड उघडते. चारचौघांत माझी लाज काढलीत, तर चूकही चारचौघांतच कबूल करा. कोपऱ्यात मागितलेली माफी मी घेत नाही.