बाईंच्या रिकाम्या गॅलऱ्या

बाई फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत. फोन उचलला की थेट कामाचं वाक्य कानावर पडायचं. "तुझं चौथ्या पानावरचं पहिलं वाक्य मी खोडलंय. ते चित्रात आलंय, तू पुन्हा कशाला सांगतेस?" एवढं बोलून त्या थांबायच्या. मी वाद घालावा अशी त्यांची अपेक्षा असायची आणि मी तो घालायचेही. आई गेल्यानंतर डोंबिवलीच्या माझ्या घरात संध्याकाळी वाजणारा फोन बहुतेक त्यांचाच असे.

ठाण्याच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली होती, म्हणून प्रकाशकापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. ठाण्याच्या घरासमोर उंच इमारत उभी राहिली आणि खोलीतला सकाळचा उजेड गेला. तेवढ्यासाठी बाई ठाणं सोडून टिटवाळ्याला, नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. नातलगांनी वेड्यात काढलं. बाईंचं म्हणणं, "माणसं काय, कुठेही भेटतील. उजेड भेटत नाही."

उजेड भेटला, माणसं मात्र भेटली नाहीत. इमारतीतली निम्मी घरं बंदच होती. मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात नोकरी करते आणि मुलांसाठी गोष्टी लिहिते. रविवारी कागद घेऊन त्यांच्याकडे जायचे, तेव्हा जिन्यात आमच्या दोघींचाच आवाज घुमायचा.

आमचं पुस्तक होतं मिठी नावाच्या मुलीचं. ती नव्या इमारतीत राहायला येते आणि मजल्यामजल्यावर मैत्रीण शोधते. बाईंनी इमारत सुरेख काढली होती; पण गॅलऱ्या सगळ्या रिकाम्या. एरवीही त्या अर्धं पान कोरं ठेवायच्या. "पोरांना बोट फिरवायला जागा लागते," म्हणायच्या. प्रकाशनाच्या संपादकांना मात्र ते पुस्तक फार उदास वाटलं. मुलं घाबरतील, गॅलऱ्यांमध्ये माणसं भरा, असा निरोप आला.

मी तो बाईंना सांगितला. त्या चिडतील असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "मला इथली माणसं माहीतच नाहीत गं. लिफ्टमध्ये दिसतात. पण घरात कशी बसतात, कपडे कसे वाळत घालतात, काही बघितलेलं नाही."

मनाने काढा, असं मी सुचवलं. तर म्हणे, मनाने काढलेली सगळी माणसं त्यांच्या शाळेतल्या शिपायासारखी दिसतात.

पुढच्या रविवारी त्या इस्त्रीची साडी नेसून, वही घेऊन दारातच उभ्या होत्या. मला सोबत घेऊन त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. दार फटीएवढं उघडलं. काही विकायला आलोय असं समजून आतल्या बाई नको म्हणायला लागल्या, तेव्हा बाईंनी सांगितलं की आम्ही काही विकत नाही, मी वरच राहते, तुम्ही कपडे वाळत घालाल तेव्हा मला जरा बघू द्या. आतल्या बाईंना हसू आलं. मग त्यांनी दार उघडलं.

त्यानंतर बाई एकट्याच जाऊ लागल्या. बरीचशी दारं उघडली नाहीत. जी उघडली, त्यांची हकिगत मला फोनवर कळायची. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वाल सोलताना एकेक दाणा उजेडात धरून बघतात. पाचवीतली मुलगी तोंडात पिना धरून स्वतःची वेणी घालते. हळूहळू गॅलऱ्या भरल्या.

शेवटच्या पानावरची एक गॅलरी मात्र बाईंनी रिकामीच ठेवली. संपादकांनी पुन्हा सांगितलं. बाई ऐकेनात. "एखादं दार बंद राहतंच. ते मी खोटं काढणार नाही." तेव्हा मी माझं शेवटचं वाक्य बदललं. 'मिठीला सगळे मित्र मिळाले' काढून टाकलं आणि लिहिलं, 'मिठीने त्याही दारावर टकटक केली.' संपादकांना ते पटलं. बाईंनी त्यावर खोडकाम केलं नाही.

पुस्तक छापायला गेलं आणि थंडीत एका सकाळी बाई गेल्या. झोपेतच. मी फोन करत राहिले. शेवटी त्यांच्या कोल्हापूरच्या भाचीने उचलला. तोवर सगळं आटोपलं होतं.

प्रती हातात आल्यावर मी टिटवाळ्याला गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंनी पुस्तक चाळलं आणि कपडे वाळत घालणाऱ्या स्वतःवर बोट ठेवलं.

"पुस्तकाचं झाल्यावरही आलेल्या त्या दोनतीनदा," त्या म्हणाल्या. "वही न घेता. बसायच्या नुसत्या. तुम्ही त्यांच्या डोंबिवलीच्या मैत्रीण ना? तुमचंच सांगायच्या."

आमचं नातं कामाचं आहे अशीच माझी समजूत होती. मी हो म्हटलं.

त्यांनी चहा टाकला. आम्ही गॅलरीत बसलो आणि मी बाईंच्या एकेक गोष्टी सांगत गेले, थांबवेना. त्या गेल्यापासून मी त्यांच्याबद्दल कोणाशी बोललेच नव्हते. ज्यांच्याशी बोलले असते, त्या बाईच होत्या.