नारिंगीचं पिवळं झालं तेव्हा

भिमाजी गावित गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेचा परिचर होता, आणि काळजी करणं हा त्याचा दुसरा धंदा होता. गॅसचा कॉक बंद केलाय की नाही, या धास्तीने तो अर्ध्या रस्त्यातून सायकल माघारी वळवायचा. कॉक बंदच असायचा. बायको साळूबाई म्हणायची, "तुमच्या जिवाला घोर लागतो का तुम्हीच घोराला लागता, तेच कळत नाय." पण एकोणीसशे नव्याण्णवच्या फेब्रुवारीत त्याला लागलेला घोर खोटा नव्हता.

प्रयोगशाळा सहाय्यक बारकू अहिरे निवृत्त झाले होते. त्यांची जागा भिमाजीला द्यायला संस्था तयार होती, पण त्याआधी त्याची चाचणी होणार होती. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे, त्यांनीच शेवटच्या दिवशी दुपारी त्याला प्रश्न विचारायचे असं ठरलं. पास झाला तर बढती, नापास झाला तर माणूस बाहेरून आणायचा. भिमाजी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. पुढची जागा रिकामी होईपर्यंत तो स्वतःच निवृत्त झाला असता. खाकी कपडे जाऊन पांढरा कोट येणं, कोपऱ्यात स्वतःचं टेबल असणं, 'ए भिमा'चं 'गावित सर' होणं, सगळं त्या एका दुपारवर येऊन ठेपलं होतं.

पेठच्या पलीकडच्या पाड्यावरून दहावी होऊन आलेला हा माणूस अठरा वर्षं बाटल्या भरत, नळ्या धूत रसायन शिकला होता, आणि शिकला तो डोळ्यांनी. जांभळं परमँगनेट रंगहीन झालं की क्षपण झालं. नारिंगी डायक्रोमेट हिरवं पडलं की क्षपण झालं. एकाचं क्षपण झालं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी ऑक्सिडीकरण झालंच, आणि दोन्ही मिळून त्याला रेडॉक्स म्हणायचं, एवढं त्याने ऐकून ऐकून उचललं होतं. त्यावरून त्याने स्वतःचा एक सोपा नियम बांधला होता, रंग पालटला की रेडॉक्स.

आणि हा नियम तो दर वर्षी वाटत असे. परीक्षेच्या दिवशी एखादं पोर घामाघूम होऊन इकडेतिकडे बघायला लागलं की भिमाजी पाण्याची बाटली ठेवायच्या निमित्ताने टेबलापाशी जायचा आणि ओठ न हलवता एक शब्द टाकून पुढे सरकायचा. हे अहिरेही करत आणि त्यांच्या आधीचेही. प्राध्यापक तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघत. निकाल लागला की पोरं पेढे घेऊन यायची आणि भिमाजीला वाटायचं, आपण पुण्य जोडतोय.

चाचणीसाठी वत्सला मॅडमनी त्याला महिनाभर शिकवलं. त्या विभागप्रमुख होत्या, बोलायला फटकळ, पण मनाने चांगल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला झापलं. "भिमाजी, रंगाच्या नादाला लागायचं नाही. ऑक्सिडीकरणाचा अंक मोजायचा. पोटॅशियमचा अधिक एक, ऑक्सिजनचा बहुतेक ठिकाणी उणे दोन, सगळ्यांची बेरीज शून्य. जो उरेल तो मधल्या धातूचा. तो अंक वाढला तर ऑक्सिडीकरण, घटला तर क्षपण. हललाच नाही तर दोन्ही नाही."

भिमाजी बोटांच्या पेरांवर मोजायला शिकला. परमँगनेटमध्ये चार ऑक्सिजन, म्हणजे उणे आठ, पोटॅशियमचा एक, उरले सात. म्हणजे मँगनीज अधिक सात. त्याचा रंग उडतो तेव्हा सातावरून दोनावर येतो. बरोबर, क्षपण! त्याला गंमत वाटायची, पण घरी गेला की सगळं विसरल्यासारखं व्हायचं. जेवताना घासागणिक तो बेरजा करायचा. साळूबाईने एकदा ताट ओढून घेतलं तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

शेवटच्या दिवशी तो सकाळी अर्धा तास आधीच आला. परीक्षक धनराज पगारे येवल्याच्या बाजूचे, कमी बोलणारे आणि चष्म्यावरून बघणारे. शेवटची तुकडी चालू होती. तिसऱ्या टेबलावर मैना होती, पंचवटीतल्या वसतिगृहात राहणारी, त्याच्याच पेठच्या बाजूची पोर. तिच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात कॉस्टिक सोडा घाला, काय दिसतं ते लिहा, ही रेडॉक्स अभिक्रिया आहे का ते कारणासह सांगा. तिने सोडा घातला. नारिंगीचं पिवळंजर्द झालं. मग ती पेन दातात धरून बसली आणि तिने भिमाजीकडे पाहिलं.

त्याचं डोकं दुपारच्या चिंतेत होतं. पाय सवयीने गेले, बाटली सवयीने ठेवली गेली आणि शब्दही सवयीनेच निघाला, "रेडॉक्स." मैनाने मान खाली घालून भराभर लिहिलं.

दुपारी तीन वाजता भिमाजी स्वतः टेबलाच्या अलीकडे, परीक्षा देणाऱ्या मुलांच्या बाजूला उभा राहिला. ज्या टेबलावर त्याने अठरा वर्षं फडकं मारलं तेच टेबल. वत्सला मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. पगारे सरांनी दोनचार सोपे प्रश्न विचारले, त्याने चाचरत उत्तरं दिली. मग सरांनी समोरची नळी उचलली, नारिंगी द्रावणात सोडा सोडला आणि पिवळी झालेली नळी त्याच्यापुढे धरली.

"सांगा. क्षपण की ऑक्सिडीकरण?"

जिभेवर उत्तर तयारच होतं. मॅडमनी घसा खाकरला आणि भिमाजी थांबला. त्याने अंगठा पेरांवर ठेवला. डायक्रोमेटमध्ये सात ऑक्सिजन, उणे चौदा. दोन पोटॅशियम, अधिक दोन. उरले बारा, ते दोन क्रोमियममध्ये वाटले, प्रत्येकी सहा. आता पिवळं, म्हणजे क्रोमेट. चार ऑक्सिजन, उणे आठ. पोटॅशियमचे दोन. उरले सहा, आणि क्रोमियम एकच. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा सहाच आले.

"दोन्ही नाही, सर. अंक हललाच नाही. नुसता रंग बदललाय."

"शाब्बास!" पगारे सर पहिल्यांदा हसले. "बघा मॅडम. सकाळी एका मुलीने यालाच रेडॉक्स लिहिलंय. कारण काय, तर म्हणे रंग बदलला. सगळे मार्क गेले."

मॅडमही हसल्या. भिमाजी हसला नाही. पास झाला होता तो. तोंड मिटून उभा राहिला असता तर सोमवारी पांढरा कोट अंगावर होता. सकाळची ती खाली घातलेली मान त्याला दिसत होती. आणि तिच्या मागे अठरा वर्षांतल्या माना, किती ते त्याला मोजताही येईना. त्या पोरांनी पेढे आणले होते.

"सर, ते तिचं नाही. माझं आहे," तो म्हणाला. "मी सांगितलं तिला. बाटली ठेवताना."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं नाही, सरळ त्याच्याकडेच पाहिलं, आणि ते त्याला फार लागलं. पगारे सरांनी चष्मा काढून पुसला. वही परत घ्यायला मुली खालीच थांबल्या होत्या, त्यातून त्यांनी मैनाला बोलावून घेतलं.

"हे उत्तर तुला कुणी सांगितलं?"

मैनाने भिमाजीकडे पाहिलं. त्याचा रडवेला चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे. ती पदवीधर माणसांसमोर कधी मोठ्याने न बोलणारी पोर, पण खडखडीत बोलली.

"कुणी नाय सांगितलं सर. माझंच हाय. काकांचा काही संबंध नाय."

भिमाजीला भडभडून आलं. आपल्या एका शब्दाने हिचे मार्क घालवले, आणि वर आता हिला खोटंही बोलायला लावलं, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खरं सांग गं पोरी," तो कसाबसा म्हणाला, "मी सांगितलंय त्यांना."

पगारे सरांनी तिच्या पुढ्यात कोरा कागद ठेवला आणि दुसरं संयुग दिलं. भिमाजीला त्यांनी दाराबाहेर उभं केलं. ती दहा मिनिटं त्याने जिन्याच्या कठड्याला धरून काढली. मैना बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाई लागली होती. "आलं," एवढंच बोलून ती पळत खाली गेली.

संस्थेकडे जायचा अहवाल पगारे सरांनी त्याच्यासमोरच लिहिला आणि वाचायला दिला. त्यात दोनच वाक्यं होती. श्री. गावित यांचं रसायनाचं ज्ञान समाधानकारक आहे. त्यांना परीक्षेच्या कामावर ठेवू नये.

सहाय्यकाचं निम्मं काम म्हणजे परीक्षाच. भिमाजीने कागद दोनदा वाचला, घडी न घालता परत दिला आणि म्हणाला, "बरोबर लिहिलंय, सर." मग त्याने ती पिवळी नळी उचलली आणि धुवायला नेली.