छपरावरची जानी

झरीचा लाहू घरं शाकारायला डहाणूपर्यंत यायचा. कौलांवर तो ओसरीवर वावरावं तसा वावरे. त्याची बायको जानी खालून कौलं देई, आणि तो वरून तिची थट्टा करी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या अंबूबाईंकडे काम चाललं होतं. कौलं चाळून झाली होती, पडवीवरचा सिमेंटचा जुना पत्रा तेवढा राहिला होता. पाय वाशावर द्यायचा, पत्र्यावर नाही, हे लाहूला काय सांगायचं? पण जानीशी बोलता बोलता तो वळला, पत्रा फुटला आणि तो खाली फरशीवर आला. उठायला बघत होता. जानीनं त्याचे खांदे दाबून धरले.

"हलू नको," एवढंच म्हणाली.

जुन्या दारावर निजवून त्याला टेम्पोतून दवाखान्यात नेलं. टाच मोडली होती, मणका दबला होता. झरीच्या पाड्याकडचा रस्ता खडबडीत, म्हणून अंबूबाईंनी पडवीतच खाट टाकली. "माझ्या घरावरनं पडलास, आता माझ्याच घरातनं चालत जायचं," त्या म्हणाल्या. पेज त्या स्वतः भरवत आणि मीठ कमी आहे म्हणून लाहूची कुरकुरही ऐकून घेत.

डोक्यावरचा फुटका पत्रा मात्र तसाच होता. एके सकाळी जानी म्हणाली, "मी चढते."

"बायका कुठं छपरावर चढतात?"

"मग तू चढ."

लाहूनं वर फुटक्या पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दोर बांध आधी."

विहिरीचा दोर आढ्यावरून पलीकडे टाकून चिकूच्या खोडाला बांधला, दुसरं टोक जानीच्या कमरेला. वाशांवर फळी टाकून ती काम करू लागली. लाहू खाटेवरून बघत होता. तळहात घामानं भिजले होते. ती उतरली तेव्हा त्यानं विचारलं, "मी वर असताना तुला असंच व्हायचं?"

"रोज," जानी म्हणाली आणि दोर सोडू लागली.

लाहू अंबूबाईंच्या घरून चालतच गेला, थोडा लंगडत. आता जानी चढते, तो खालून कौलं देतो. दोर बांधायला जागा नसेल तर ते काम घेत नाहीत, मग मालक कितीही गोड बोलो.

परवा आमच्याकडे आले होते. लाहूचं "सांभाळून, सांभाळून" संपेना. शेवटी जानी वरून म्हणाली, "जा, चहा पी जरा."

त्यानं कप घेतला आणि उभ्यानंच, वर बघत, प्यायला.