खारट चीट

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की वेंगुर्ल्याचं ते दुकान आठवतं. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे माल निम्म्या भावात काढायचे. परकरासाठी मी फुलाफुलांचं चिटाचं कापड उचललं. आई स्वस्तातलं कापड नीट पारखूनच घ्यायची, तिने टोक जिभेला लावलं आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्या दर्यात भिजलेला आसा." तो पुटपुटला, "गलबत फुटला, गाठोडी किनाऱ्याक लागली." आईने गलबताचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. माझा मामा त्याच गलबतावर खलाशी होता. "आणि माणसां खंय आसत?" आईचा आवाज फाटला. तो खाली मान घालून घड्या घालत राहिला. माझा हात ओढत आई बंदराकडे धावली. माझे केस पिकले, मामाची बातमी अजून आलेली नाही.