हरेल त्याने हाडं ढवळावीत

ओझेल पिंकनीएवढा भांडकुदळ माणूस आमच्या नदीपूर्वेच्या वस्तीत दुसरा नाही. माझ्या टायरच्या दुकानामागे डॉमिनोचं टेबल आहे, ते त्याच्याच तोंडावर चालतं. तो फाउंड्रीत ओतीव लोखंडावरची वाळू झाडतो. त्याच्या बापानेही हेच केलं. तिथे इतका आवाज असतो की माणूस बाहेर आल्यावरही ओरडूनच बोलतो. ओझेल मात्र जन्मला तेव्हापासूनच ओरडत असावा, फाउंड्रीला उगाच दोष नको.

टेबलाचे दोन नियम त्यानेच घातलेले. हातात हाडं नाहीत त्याने तोंड उघडायचं नाही. हाडं म्हणजे डॉमिनोच्या सोंगट्या, आम्ही त्यांना कधी दुसरं काही म्हटलेलं नाही. आणि हरेल त्याने पुढच्या डावासाठी हाडं ढवळायची. एकदा आमचे पास्टर उभ्या उभ्या सल्ला द्यायला लागले, तर ओझेल म्हणाला, "पास्टर, बसा तरी, नाहीतर तुमच्या देवाशी बोला. तो उभ्याने ऐकतो."

राजकारणावर सर्वांत जास्त तोच बोलायचा, आणि मत कधीच द्यायचा नाही. "मत? मी माझं कुत्रं त्या लोकांकडे अर्धा तास सोडणार नाही!" त्याची री ओढायला कॉर्डेल मॅब्री असायचा. कॉर्डेल ट्रक चालवतो, मोठ्याने हसतो आणि हाडं मोजताना लबाडी करतो. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून जाऊन मत देणारे आम्ही बाकीचे, आम्हाला हे दोघं मेंढरं म्हणायचे.

खरं तर ओझेलची आई, मिस अर्लीन, अलाबामात वाढलेली. तिथे तिच्या आईबापांना काळे म्हणून मतपेटीच्या आसपास फिरकू देत नसत. इथे मिशिगनमध्ये आल्यावर मतदानाच्या दिवशी ती चर्चची निळी टोपी घालायची, जशी ईस्टरला घालतात. म्हातारपणी ओझेलच तिला हाताला धरून शाळेच्या हॉलपर्यंत न्यायचा. ती आत जायची, हा दाराबाहेर सिगारेट ओढत उभा. "आत ये रे," ती म्हणायची. "त्यांच्या तोंडाचा वास येतो," हा म्हणायचा. ती गेली तोवर हे असंच चाललं. मला तेव्हा त्याचा फार राग यायचा. आईसाठी तरी आत जावं माणसाने.

गेल्या शरदात आमच्या चौकातलं अग्निशमन केंद्र बंद करायचं नगरसेवकांमध्ये घाटत होतं. थोडा जादा कर द्यायला लोक तयार असतील तर ते राहणार, आणि तो प्रश्न मतपत्रिकेवर येणार होता. आदल्याच हिवाळ्यात ओझेलच्या शेजारची मिसेस टोलिव्हर जळत्या घरातून जिवंत निघाली, ती बंब चौकातून आला म्हणून. नदीपलीकडच्या केंद्रातून पूल ओलांडून यायचा असता तर तिला पुरायलाही काही उरलं नसतं. ओझेल त्या केंद्रावरून रोज टेबल बडवायचा. आणि मत? "मत नाही देणार!"

अशात एका उमेदवाराच्या प्रचाराला टालिया आली. आमच्याच रंगाची, शिकलेली, उत्साही पोरगी. हातात कोंबडीच्या तळलेल्या पंखांचा मोठा डबा, आणि एक फलक: काळ्या कामगार पुरुषांचं ऐकू या.

ओझेल फलक वाचून असा हसला की त्याला खोकला आला. "बघा, निवडणूक आली! दर चार वर्षांनी यांना भूछत्रासारखे कान उगवतात. पोरी, आम्ही तेच तेच बोलून थकलो. तुम्ही ऐकून थकत नाही का?"

"मिस्टर ओझेल, मी फक्त—"

"उभ्याने बोलायचं नाही!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

ती थबकली. मग डबा ठेवला, कोट काढला आणि कॉर्डेलला खुर्चीवरून उठवून बसली. म्हणाली, "वाटा."

ओझेलला चेव आला. "जिंकलीस तर एक प्रश्न विचार, खरं उत्तर देईन. हरलीस तर तो फलक घेऊन चालती हो. पंख ठेवून जा."

तिला तिच्या आजोबांनी शिकवलं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शेवटचं हाड तिने टेबलावर असं आपटलं की माझा सरबताचा पेला कलंडला. कॉर्डेल नाचायलाच लागला. ओझेल खाली बघत हाडं ढवळू लागला, कारण हरला होता.

"तुम्ही मत का देत नाही?" तिने विचारलं. "कुत्र्याची गोष्ट नको. खरं सांगा."

त्याचे हात थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दुकानाच्या भिंतीकडे.

"कारण मला परवानगी नाही," तो म्हणाला. तो इतक्या हळू बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. "विशीत असताना आत होतो. दोन वर्षं. मत गेलं त्यात. झालं समाधान?"

तो तुरुंगात होता हे आम्हाला माहीत होतं. वस्तीत असे काही कमी नाहीत. पण मतापासून दूर राहण्याचं कारण ते असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कुणी सांगितलं?" टालियाने विचारलं.

"कुणी म्हणजे? सगळेच म्हणायचे. आतले, बाहेरचे. ते काय सांगावं लागतं?"

"मिस्टर ओझेल, इथे आत असेपर्यंतच मत देता येत नाही. दारातून बाहेर पडलात त्याच दिवसापासून तुम्हाला मत होतं."

कॉर्डेल फिस्सकन हसला आणि पंखांच्या डब्याकडे वळला. ओझेलने टेबल उलथलं असतं तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "मी तिला दारापर्यंत सोडायचो." आईबद्दल बोलतोय हे टालियाला कळायचं कारण नव्हतं. मला कळलं. इतकी वर्षं मी त्याला मनात शिव्या घातल्या होत्या.

मग तो भडकला. "आणि हे मला तुम्ही आज सांगता? तुम्हाला माझं मत हवंय तेव्हा? इतकी वर्षं कान घेऊन येता, तोंड कुठे ठेवता? तुझ्या माणसाला माझं मत नाही मिळणार!"

"मी मागितलंच नाही," ती म्हणाली.

"मग ऐक. मी बंबासाठी देणार."

मतदानाच्या दिवशी मी त्याला गाडीने शहर कचेरीत नेलं, नाव नोंदवून मत तिथेच देता येतं म्हणून. अंगात फाउंड्रीचेच कपडे, पण दाढी केलेली. रांग हलेना. फाउंड्रीत त्याची पाळी दुपारची. मी म्हटलं, "लेका, कामाला उशीर होतोय. आधीच तुझी खाडेबाजी मुकादमाच्या डोळ्यांवर आलीये."

"येऊ दे. लोखंड थंड झालं तर पुन्हा वितळवतील."

शेवटी त्याचा नंबर लागला. टेबलामागच्या हसऱ्या बाईने विचारलं, "पहिल्यांदाच का?" आणि उत्तराची वाट न बघता उठून ओरडली, "नवा मतदार!" आमच्याकडे अशी रीत आहे, अठरा वर्षांच्या पोरांसाठी. सगळी कचेरी टाळ्या वाजवायला लागली.

"बंद करा!"

फाउंड्रीचा आवाज तो. टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

"मी नवा नाही," ओझेल म्हणाला. "मी मतदानाच्या दाराबाहेर म्हातारा झालोय. माझं होतं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही शरमेपायी कुणाला विचारलं नाही. माझी आई आत मत द्यायची आणि मी बाहेर धूर काढायचो. टाळ्या वाजवू नका. मतपत्रिका द्या."

बाईने मतपत्रिका दिली. त्याने आडोशात बराच वेळ लावला. मी डोळे पुसले, आणि लाज वाटली नाही.

कराचा प्रस्ताव पडला. नदीपलीकडच्यांना पूल फार जवळचा वाटतो, त्याला काय करणार! दुसऱ्या दिवशी ओझेल टेबलावर आला तेव्हा कॉर्डेल तयारच होता. "काय रे मेंढरा? मिळाला बंब?"

मला वाटलं, आता मारामारी. ओझेल बसला, आणि डाव झालेला नसताना दोन्ही हातांनी हाडं ढवळायला लागला. खडखडाट रस्त्यापर्यंत गेला असेल.

"अरे, अजून खेळलोच नाही. ढवळतोस काय?"

"काल हरलो ना," ओझेल म्हणाला. "हरेल त्याने ढवळायचं. आजवर मला हरायचीही सोय नव्हती. वसंतात नगरसेवकांची निवडणूक आहे. केंद्राला कुलूप लावायला हात वर केलेल्यांची नावं मला पाठ आहेत. एकेकाला घरी बसवीन."

आम्ही हसलो. कॉर्डेल हसला नाही. उभा होता, हातात हाडं नव्हती, तरी बोलला. नेहमीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"ओझेल... दोनदा आत गेलेला असला तरी?"

ओझेलने मान वर केली नाही. ढवळणंही थांबवलं नाही. पायाने समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"तरी. बस इथे."